जाड आणि तिरका सॅन्स-सेरिफ फॉन्ट नेमका कुठे वापरावा?

कोरापान:
नमस्कार मंडळी, थोडा सल्ला हवाय. एका सायकल शर्यतीचं डिझाइन करतोय, पोस्टर, टी-शर्ट, छातीवरचे नंबर, वेबसाइटचं पहिलं पान असं सगळंच, आणि मुख्य शब्द जाड नि उजवीकडे झुकलेल्या सॅन्स-सेरिफमध्येच (टोकांना बारीक आडव्या रेघा नसलेल्या अक्षरात) घ्यायचे हे डोक्यात पक्कं बसलंय. सरळ बोल्डमध्ये तोच शब्द ठेवला की तो जागच्या जागी उभा राहतो, तिरका केला की निघाल्यासारखा वाटतो. आता अडचण अशी की माझ्याकडे त्या फॉन्टची फक्त रेग्युलर फाइल आहे, बी आणि आय दोन्ही बटणं दाबली की जाड-तिरकं अक्षर मिळतं खरं पण मोठ्या साइजला ओ आणि एस विचित्र दिसतात, कुठे फुगलेले कुठे बारीक. खरी बोल्ड ऑब्लिक (जाड-तिरकी) फाइल विकत घेतली तर एवढा फरक पडतो का? दुसरं म्हणजे नियम, वेळापत्रक वगैरे मजकूरही त्याच स्टाइलमध्ये ठेवा म्हणजे सगळं एकसारखं दिसेल असं आयोजक म्हणतायत, मला ते पटत नाहीये पण त्यांना कारण काय देऊ? आणि पोस्टर दोन भाषांत आहे, तर मराठी शीर्षकाचं काय करायचं तेही सांगा.

खिळेजुळारी:
फरक पडतो, चांगलाच पडतो, आणि ओ मध्ये तुम्हाला जे खटकतंय ते अगदी मोजून दाखवता येतं.

अक्षर तिरकं करणं म्हणजे पाया जागेवर ठेवून माथा उजवीकडे सरकवणं. आता सगळीकडे सारख्या जाडीचा गोल ओ घ्या आणि तो १२ अंशांनी असा सरकवा. आडव्या रेघेची जाडी आहे तेवढीच राहते, उभी रेघ साधारण २ टक्के बारीक होते, इथवर काही बिघडत नाही. पण ओ चा वरचा उजवा आणि खालचा डावा खांदा जवळपास ११ टक्के जाड होतो आणि वरचा डावा नि खालचा उजवा १० टक्के बारीक होतो. पातळ फॉन्टमध्ये रेघच मुळात बारीक म्हणून हे डोळ्याला कळत नाही. बोल्डमध्ये रेघ १५० युनिटची (युनिट म्हणजे फॉन्टच्या आराखड्याचं माप) असेल तर एका खांद्यावर जवळपास १७ युनिट वाढले आणि शेजारच्या खांद्यावर १५ युनिट गेले, म्हणजे एकाच गोलात ३० हून जास्त युनिटचा फरक, तो पोस्टरवर दिसणारच. एस मध्ये तर मधला कणा वरच्या डावीकडून खालच्या उजवीकडे जातो त्यामुळे तोच फुगतो आणि पोट सुटल्यासारखा दिसतो. एक्स ची एक तंगडी जाड, दुसरी बारीक. जो माणूस खरी बोल्ड ऑब्लिक काढतो तो आधी अक्षर असंच सरकवतो आणि मग बसून प्रत्येक खांदा परत घासून सारखा करतो, कामाचा वेळ सगळा तिथे जातो आणि तुम्ही फाइलचे पैसे त्याचेच देता.

बी बटणाची गोष्ट वेगळी. फॉन्टची बोल्ड फाइल नसेल तर सॉफ्टवेअर अक्षराच्या कडा बाहेर ढकलून त्याला जाड करतं. ई, ए, ८ यांच्या आतली मोकळी जागा त्यात बुजते, आडव्या रेघा नको इतक्या जाड होतात, कारण नीट काढलेल्या बोल्डमध्ये आडवी रेघ उभ्या रेघेपेक्षा जरा बारीकच ठेवलेली असते. तुमच्याकडे आत्ता जाडीही बनावट आहे आणि तिरपाही बनावट आहे.

इथे थोडा इतिहास सांगतो, कारण स्वभाव त्यातूनच कळतो. इटॅलिक आलं व्हेनिसमधून, १५०१ साली मुद्रक आल्डस मानुटियसने रोमन कवी व्हर्जिलचं छोट्या आकाराचं पुस्तक त्या अक्षरात छापलं, खिळ्यांचे ठसे फ्रांचेस्को ग्रिफोने कोरले होते. ते अक्षर म्हणजे उभं अक्षर वाकवलेलं नव्हतं, हाताने भरभर लिहितात त्या वळणावरून काढलेली स्वतंत्र जात होती ती. सॅन्स-सेरिफमध्ये मात्र बहुतेकांनी स्वतःचंच उभं अक्षर तिरकं केलं, फ्युचुरा (१९२७), हेल्वेटिका आणि युनिव्हर्स (दोन्ही १९५७) ही सगळी त्यातली. याला ऑब्लिक म्हणायचं. गिल सॅन्स (१९२८) हा मोठा अपवाद, त्याच्या तिरक्या ए मध्ये आणि पी मध्ये हाताचं वळण आहे. त्यामुळे जाड इटॅलिक थोडं मऊ, बोलकं वाटतं आणि जाड ऑब्लिक ताठ, कारण सांगाडा तोच राहतो, फक्त झुकतो. शर्यतीला मी डोळे झाकून ऑब्लिक घेईन.

विकत घेताना एवढं बघा की फॅमिलीत (एकाच फॉन्टच्या सगळ्या जाड-बारीक, सरळ-तिरक्या फाइलींच्या संचात) बोल्ड ऑब्लिक अशी वेगळी फाइल आहे. युनिव्हर्समध्ये तो काढणाऱ्या फ्रुटिगरने नावांऐवजी आकडे दिले होते, ६५ म्हणजे बोल्ड आणि ६६ म्हणजे बोल्ड ऑब्लिक, ती पद्धत पुढे हेल्वेटिका नॉयेनेही उचलली. काही प्रोग्रॅमच्या मेनूत ऑब्लिकलाच इटॅलिक म्हणून दाखवतात, तेव्हा नावावर जाऊ नका, ए अक्षर बघा, उभ्या फॉन्टसारखाच दुमजली असेल तर बहुधा ऑब्लिक.

कोरापान:
बापरे, एस चं पोट सुटल्यासारखं, अगदी तेच दिसतंय! आता ते नजरेसमोरून हलतच नाही. फाइल घेतोच. पण हा फॉन्ट वेगच दाखवतो की त्याला आणखी काही छटा आहेत? कारण आयोजकांपैकी एकजण म्हणाला की हे सेलच्या जाहिरातीसारखं ओरडतंय.

ग्रिडमध्ये_रमलेली:
@कोरापान, तुमच्या आयोजकाचं निरीक्षण एकदम रास्त आहे. या अक्षराला दोन छटा आहेत, वेग आणि हुकूम, आणि कुठली वर येईल ते आजूबाजूच्या गोष्टींवर ठरतं.

वेगाचं सरळ आहे. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, अक्षरं त्याच दिशेला झुकलेली, पण पाया मात्र सपाट, त्यामुळे शब्द पडत नाही, पुढे जातो. नायकेने फ्युचुराचा जाड, चेपलेला, तिरका अवतार जाहिरातींत वापरला तो याच गुणासाठी. आता दुसरीकडे बघा, अमेरिकन कलाकार बार्बरा क्रूगर १९८० च्या दशकापासून कृष्णधवल फोटोंवर लाल पट्ट्या टाकून त्यात पांढऱ्या फ्युचुरा बोल्ड ऑब्लिकमध्ये वाक्यं लिहीत आलीये, आणि तिथे कणभरही वेग नाही, ते वाक्य तुमच्या तोंडासमोर येऊन उभं राहतं आणि जाब विचारतं. अक्षर तेच, पण पट्टीत कोंबलेलं, कडेला जेमतेम हवा, रंग लाल, आणि वाक्य थेट "तू" ला उद्देशून. सुप्रीम या कपड्यांच्या ब्रँडच्या लाल लोगोची पट्टीही त्याच घराण्यातली. तेव्हा ओरडणं नको असेल तर आधी पट्टी काढा, शब्दाच्या पुढे म्हणजे उजव्या बाजूला भरपूर रिकामी जागा सोडा, त्याला जायला वाट दिसली पाहिजे. शब्द पोस्टरच्या उजव्या कडेला चिकटवला की तो भिंतीवर आपटल्यासारखा दिसतो, मी असले लेआउट बघितले की माझे हात शिवशिवतात.

आणखी एक बारीक गोष्ट जी फार कमी लोक करतात. तिरक्या शीर्षकाची डावी कड आणि खालच्या सरळ मजकुराची डावी कड सॉफ्टवेअरने जुळवली तरी डोळ्याला जुळत नाही. एच सारख्या अक्षराचा तिरका दांडा खाली समासाला टेकतो आणि वर आत गेलेला असतो, म्हणून सगळं शीर्षक जरा आत ढकलल्यासारखं वाटतं. मी ते मोठ्या साइजला हाताने डावीकडे घेते, दांड्याचा मध्य समासावर येईल इतकं. हिशोब हवा असेल तर कॅपिटल अक्षराची उंची ७०० युनिट आणि तिरपा १२ अंश धरा, माथा साधारण १४९ युनिट सरकलेला असतो, त्याच्या निम्मं म्हणजे ७५ च्या आसपास डावीकडे. फॉन्ट काढणाऱ्याने यातलं थोडं आधीच करून ठेवलेलं असतं त्यामुळे आकडा डोळे मिटून टाकू नका, बघून टाका.

छातीच्या नंबरांबद्दल माझं ठाम मत आहे, ते सरळ ठेवा. फोटोग्राफर आणि शेवटच्या रेषेवरचे लोक तो नंबर दुरून, हलताना, कधी अर्धवट दुमडलेला वाचणार. जाड तिरक्या अंकांत ६, ८, ९ ची भोकं आधीच लहान झालेली असतात, लांबून तिन्ही एकच ठिपका होतात. आणि ७ बघा, त्याचा पाय मुळातच उजवीकडून डावीकडे उतरतो, तिरपा दिला की आणखी आडवा होतो, पडायला आलेला दिसतो. शर्यतीचं नाव तिरकं, नंबर सरळ, दोन्ही एकाच फॅमिलीतले, मग एकसारखेपणा आपोआप राहतो.

शब्दांतर:
नियम आणि वेळापत्रक जाड तिरक्यात? अजिबात नको. कारण विचारलंत ना, देतो.

परिच्छेद वाचताना माणूस अक्षर न् अक्षर बघत नाही, अक्षराच्या आतली नि बाहेरची पांढरी जागा एका लयीत येत राहते आणि नजर तिच्यावरून सरकते. बोल्डने आतली पांढरी जागा कमी होते, तिरप्याने तिचा आकार बदलतो, दोन्ही एकदम केलं तर आठ-दहा पॉइंटला नुसता करडा पट्टा उरतो. ब्रिटिश डिस्लेक्सिया असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांत तर साफ लिहिलंय की इटॅलिक आणि अधोरेखन टाळा, भर द्यायचा असेल तर बोल्ड वापरा. आयोजकांना हेच दाखवा. शर्यतीचे नियम हे सुरक्षिततेचे असतात, हेल्मेट, वळणं, पाण्याची ठिकाणं, ते घाईत नि वैतागलेल्या माणसालाही एका नजरेत वाचता आले पाहिजेत.

पण मजकुरात हे अक्षर कधीच नको असंही नाही. इंग्रजी कॉमिक्समध्ये पात्र एखाद्या शब्दावर जोर देतं तेव्हा तो शब्द जाड आणि तिरका लिहायची जुनी रीत आहे, कारण तिथे बाकीचं सगळं कॅपिटलमध्ये असतं आणि नुसतं जाड केलं तर शब्द मोठा वाटतो, बोललेला वाटत नाही, तिरप्याने आवाज चढतो. तसाच एखाद-दुसरा शब्द, "थांबा", "हेल्मेट सक्तीचं", इतकंच. त्याच्या पुढे कंस किंवा उद्गारचिन्ह येत असेल तर तेही तिरकंच ठेवा, नाहीतर तिरक्या अक्षराचा माथा सरळ कंसात घुसतो. टेक (TeX, अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांना इटॅलिक करेक्शन माहीत असेल, ते या धडकेसाठीच असतं, बाकीच्यांनी हाताने बारीक जागा द्यावी.

शिरोरेषा_सांभाळा:
मराठी शीर्षकावर कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो, आणि जरा लांबणार आहे कारण इथेच सगळ्यात जास्त गोंधळ घातला जातो.

पहिली गोष्ट, देवनागरीत रोमन-इटॅलिक (सरळ-तिरकी) अशी जोडी परंपरेने आलेली नाही त्यामुळे बऱ्याच चांगल्या फॉन्टांत तिरकी फाइलच नसते, नोटो सॅन्स देवनागरी, मुक्ता, हिंद, कशातच नाही. पॉपिन्समध्ये मात्र देवनागरीसकट तिरक्या फाइल आहेत, थिनपासून (सगळ्यात बारीक) ब्लॅकपर्यंत (सगळ्यात जाड), भौमितिक वळणाचा आहे, सायकलच्या चाकाशी जमेल. तिरकी फाइल नसलेल्या फॉन्टवर आय दाबलं की सॉफ्टवेअर ढकलून देणार आणि खिळेजुळारींनी सांगितलेली सगळी दुखणी इथे येणार, वर आपली दोन जादा.

एक, र, स, ख यांचा खाली उजवीकडे जाणारा पाय. तो ४५ अंशांचा धरला तर १२ अंशांच्या तिरप्याने ५२ अंशांपर्यंत उभा होतो आणि वर ११ टक्के जाड होतो. शर्यत हाच शब्द घ्या, त्यातला रफार सोडा, नुसता श बघा, आणि "सायकल" मधला स बघा, पाय जाड नि ताठ, बाकी अक्षर मागे झुकल्यासारखं. ठ, ट, ळ यांच्या गोलाई ओ सारख्याच वेड्यावाकड्या होतात. दुसरं, शिरोरेषा. ती आडवी असल्याने आहे तशी राहते, काने मात्र सगळे झुकतात, आणि शिरोरेषेची दोन्ही टोकं तिरकी कापली जातात. अख्खी ओळ तिरकी असेल तर हे छानच दिसतं, टोकाचा तो तिरपा काप मला स्वतःला फार आवडतो, त्यात खरा वेग आहे. पण सरळ ओळीत मध्येच एक शब्द तिरका केला तर शेजारच्या शब्दाची सरळ कापलेली टोकं आणि याची तिरकी टोकं यांची गट्टी जमत नाही, फटीचा आकार बदलतो. म्हणून मराठीत एक शब्द उठवायचा असेल तर नुसता जाड करा, तिरका करायचा तर पूर्ण ओळ करा.

जाडीचंही ऐका. इंग्रजीला ब्लॅक वजन घेतलं म्हणून मराठीलाही ब्लॅक घेऊ नका, क्ष, ज्ञ, ष्ठ, श्र मध्ये इतक्या रेघा एका चौकटीत असतात की ब्लॅकमध्ये सगळं बुजून जातं. एक पायरी हलकं घ्या आणि साइज थोडी वाढवा, शेजारी ठेवल्यावर दोन्ही सारखेच काळे दिसतात. इंग्रजी कॅपिटलमध्ये अक्षरं थोडी लांब लांब केली की जाड तिरकं छान मोकळं होतं, तो उपाय मराठीत चालत नाही, शिरोरेषा तुटते. आणि दोन ओळींत अंतर जरा सढळ ठेवा, वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या, रफार जाड असताना एकमेकांत अडकतात.

कंसात_कोड:
वर सगळं छापाईचं आलंय, मी वेबसाइटपुरतं सांगते, कारण वेबवर हा फॉन्ट गुपचूप बनावट होतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

तुम्ही बोल्ड ऑब्लिकची फाइल चढवली पण सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये) फॉन्ट-फेस, म्हणजे फाइलची ओळख, लिहिताना वजन ७०० आणि स्टाइल तिरकी असं दोन्ही सांगितलं नाही तर ब्राउझर ती साधी फाइल समजतो आणि वरून स्वतःचा तिरपा आणखी चढवतो, झालं, दुप्पट तिरकं. ते टाळायला फॉन्ट-सिंथेसिस नावाची प्रॉपर्टी आहे, तिला नन (none, म्हणजे बनावट काही नको) द्या. मग खरी फाइल मिळाली नाही तर अक्षर सरळ दिसेल, आणि सरळ दिसलं की निदान चूक लगेच पकडली जाते. मी प्रत्येक प्रोजेक्टमध्ये हे पहिल्या दिवशीच लिहून टाकते.

व्हेरिएबल फॉन्ट (एकाच फाइलमध्ये जाडी वगैरे कमीजास्त करता येते असा) घेत असाल तर त्यात तिरप्याची वेगळी पट्टी असू शकते, स्लॅन्ट ॲक्सिस. तिच्यात उजवीकडे झुकायला उणे आकडा द्यावा लागतो, रिकर्सिव्ह फॉन्टमध्ये ती शून्यापासून उणे १५ पर्यंत जाते. सीएसएसमध्ये ऑब्लिक लिहून पुढे अंश द्यायचे असतात तिथे मात्र उजवीकडचा आकडा अधिकच, आणि काहीच दिलं नाही तर १४ अंश धरले जातात. या उलट्या चिन्हाने भल्याभल्यांची संध्याकाळ जाते, तेवढं ध्यानात ठेवा. स्क्रीनवर मी १० च्या आसपास थांबते. कमी रेझोल्यूशनच्या स्क्रीनवर तिरक्या रेघेला पायऱ्या दिसतात आणि लहान साइजला ते फार खुपतं, म्हणून मेनू, बटणं, फॉर्म सगळं सरळ, फक्त पहिल्या पानावरचं नाव तिरकं.

कोरापान:
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. ठरलं असं, इंग्रजी नाव खऱ्या बोल्ड ऑब्लिकमध्ये, मराठी नाव पॉपिन्सच्या सेमीबोल्ड तिरक्यात पण पूर्ण ओळ, नंबर आणि नियम सरळ. एकच शंका राहिलीये. पोस्टरच्या खाली तारखेसाठी एक तिरक्या कडांचा चौकोन आहे, त्याच्या कडा किती झुकवू? आणि इंग्रजी-मराठी फॉन्टचा तिरपा वेगवेगळा निघाला तर?

ग्रिडमध्ये_रमलेली:
चौकोनाच्या कडा अक्षराच्या दांड्याला समांतर हव्यात, दोन-तीन अंशांचा फरकसुद्धा शेजारी ठेवल्यावर चटकन दिसतो. कोन अंदाजाने घेऊ नका, फॉन्टच्या माहितीत इटॅलिक अँगल म्हणून लिहिलेला असतो, उजवीकडे झुकणाऱ्याला तो उणे असतो. नाहीच सापडला तर एल किंवा आय अक्षर खूप मोठं करून त्याच्या दांड्यावर रेघ ठेवा आणि मोजा. चौकोन फिरवून तिरका करू नका, फिरवला की वरची-खालची कडही कलते, स्क्यू करा, म्हणजे फक्त बाजूच्या कडा झुकवा, त्या आडव्याच राहतील.

दोन फॉन्टचे तिरपे वेगळे निघाले तर फॉन्टला हात लावू नका. त्यातलं जे नाव मोठं आहे त्याचा कोन चौकोनाला द्या आणि दुसऱ्या भाषेतलं नाव चौकोनापासून लांब, पोस्टरच्या वरच्या भागात न्या.

खिळेजुळारी:
वरच्याला दुजोरा. फक्त त्या चौकोनात तारीख टाकाल तेव्हा चौकोनाच्या डाव्या आतल्या कडेपासून पहिल्या अंकापर्यंतची जागा आणि शेवटच्या अंकापासून उजव्या कडेपर्यंतची जागा मोजून सारखी करू नका. शेवटी ७ किंवा ४ आला तर त्याच्या एका बाजूला मोठी मोकळी जागा आपसूक असते, तिथे तारीख थोडी उजवीकडे ढकलावी लागेल. प्रिंट काढून दोन हात लांबून बघा आणि मगच फाइल पाठवा.